एक वाजताची खुर्ची

अंगणातल्या क्रेप मर्टलला परत फुलं आलीत. आपल्या ताम्हणाच्याच जातीचं झाड आहे हे, फक्त फूल बारीक आणि गुलाबी. शुगर लँडला ऑगस्टात माणूस दाराबाहेर टिकत नाही, पण हे झाड नेमकं अशाच उन्हात फुलतं. सकाळी दार उघडलं की तोंडावर कुणीतरी गरम ओलं फडकं टाकल्यासारखं होतं. मला त्याचं काही वाटत नाही. सांगलीकडच्या साखर कारखान्यात चौतीस वर्षं काढलीत मी. ज्यानं उसाचा रस उकळतानाची वाफ अंगावर घेतलीय, त्याला टेक्सासच्या हवेचं कौतुक सांगू नये.

झाडाखाली एक खुर्ची आहे. घडीची, हिरव्या कापडाची, एका हाताला ग्लास ठेवायला भोक असलेली. गवत कापणारी माणसं ती उचलून कुंपणाला टेकवून जातात. मी परत आणून ठेवतो, गवतात पडलेल्या त्याच चार खळग्यांत तिचे चार पाय. सून म्हणते, "आबा, उन्हानं कापड विरेल, गॅरेजमध्ये ठेवू या." विरू दे म्हणतो. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत त्या खुर्चीवर एक बाई रोज दुपारी एक वाजता डोळे मिटून बसायची, आणि मी खिडकीतून तिच्यावर दात खायचो.

तिचं नाव डेनीस. मी डेनीसबाई म्हणायचो. काळी बाई, साठीच्या जरा अलीकडची, उंच, पायात पांढरे बूट, चालताना आवाज नाही. माझ्या बायकोला, इंदूला सांभाळायला एजन्सीकडून यायची. इंदूला पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं की आता औषधांचा मारा पुरे, दुखू द्यायचं नाही आणि आराम द्यायचा. आराम. हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. एकावन्न वर्षांच्या संसारात मी इंदूला दिवसाउजेडी आडवी झालेली कधी बघितली ते सांगतो. बाळंतपणात, आणि एकदा विंचू चावला तेव्हा.

घरात आम्ही पाच जण. मुलगा महेश तेलाच्या कंपनीत इंजिनीअर आहे, त्याचा अर्धा जन्म हायवेवर जातो. सून वर्षा पुण्याची, घरूनच काम करते, दिवसभर कानात बोंडं घालून माडीवरच्या खोलीत मीटिंगा. नात ईरा तेरा वर्षांची, मराठी समजतं पण तोंडातून इंग्रजीच निघतं. आणि आम्ही दोघं, तीन वर्षांपूर्वी इकडे आणून लावलेली जुनी रोपं. इंदू इथंही रुजली. आल्या-आल्या पहिल्याच आठवड्यात तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि वर्षाला म्हणाली, "तू तुझं काम कर. करते की मी."

"करते की मी." बायकोचे शब्द आठवायला बसलो की हेच तीन पहिले येतात. लग्नात जिलबी वाढायची असो, माझ्या आईचं अंग पुसायचं असो. मला ते शब्द फार आवडायचे. का आवडायचे ते आता कळतंय. ते ऐकले की मला उठावं लागायचं नाही.

डेनीसबाईनं पहिल्याच दिवशी आपला नियम सांगितला. ईरा मधे उभी राहून मराठीत सांगत होती, अडखळत. नऊला येणार, पाचला जाणार. एक ते दोन तिची सुट्टी. त्या तासात तिला हाक मारायची नाही. "आबा, शी सेज, घर जळत असेल तरच," ईरा म्हणाली आणि दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

एक वाजला की बाई फोन बंद करायची. डबा खायची. मग गळ्यात एक बारकासा पंखा अडकवून, बर्फाचा ग्लास घेऊन बाहेर जायची आणि झाडाखाली ती खुर्ची उघडायची. खुर्ची तिचीच, गाडीतून आणलेली. मी ईराकडून विचारून घेतलं, आत एसी सोडून उन्हात का बसते? म्हणाली, "आत बसले तर घर दिसतं. घर दिसलं की काम दिसतं."

चौथ्या दिवशी मी युक्ती केली. आपल्याकडची जुनी युक्ती आहे. माणसाला चहा दिला की तो उठतो, आणि उठला की त्याला काम सांगता येतं. वर्षाची कपड्यांची टोपली जिन्यात पडली होती, ती कुणीतरी वर न्यायला हवी होती. मी आलं घालून चहा केला आणि झाडाखाली गेलो. "डेनीसबाई, टी."

तिनं एक डोळा उघडला. "इज इट टू?"

"नो. वन ट्वेंटी."

"देन नो, सर." डोळा मिटला.

मी कप हातात घेऊन उभा. एवढ्या आयुष्यात मला चहाला नाही म्हणणारं माणूस भेटलं नव्हतं. नाही म्हटलं तर म्हटलं, वर कारणही नाही. पोट बिघडलंय नाही, आत्ताच घेतला नाही. नुसतं नाही.

जेवताना मी महेशला जे बोललो ते लिहायला हात अडतो, पण लिहितो. म्हटलं, "बदल ही बाई. झोपायला येते का इथं? ह्या लोकांचं असंच असतं म्हणे." वर्षानं घास खाली ठेवला. "कोण म्हणे, आबा?" मला कुणीकुणी सांगितलं होतं. इथं तीस-तीस वर्षं राहिलेल्या आपल्याच माणसांनी, गणपतीच्या पंक्तीत, श्रीखंड खाता खाता. मी तसंच गिळलं होतं.

त्याच आठवड्यात एक जुनी गोष्ट मला आठवली. कारखान्याच्या वजनकाट्यासमोर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, गळीत हंगामात पार रस्त्यापर्यंत. एका गाडीखाली, चाकाच्या सावलीत, ऊसतोडीची एक बाई झोपली होती. पहाटेपासून तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून आलेली. हातांवर पाचटाचे ओरखडे. मुकादमानं तिला उसाच्या कांडक्यानं ढोसलं. "ए, उठ. झोपायला आलीस का?" मी टपरीवर चहा पीत होतो. मी हसलो होतो. वाक्य तेच. तेव्हा मी हसलो होतो आणि आता मी म्हणत होतो, एवढाच फरक.

बाई बदलली नाही, कारण इंदू आड आली. तिचा पलंग खिडकीशी लावला होता, तिथून झाड दिसायचं. "राहू द्या तिला," म्हणाली.

"अगं, ती बाहेर झोपा काढते."

"तेच तर. ती झोपली की मलाही डोळा लागतो."

मला कळलं नाही. ती थांबून थांबून बोलली, दम लागायचा. "घरात दुसरी बाई राबत असली की मला पडवत नाही हो. आधी सासूबाई उठलेल्या असायच्या, मग जाऊ, आता वर्षा वर खटखट करत असते. जीव टांगून राहतो, उठावं लागतंय म्हणून. हिच्याकडं बघितलं की वाटतं, चाललंय की. एवढी दांडगी बाई निवांत पडलीय आणि आभाळ पडलं नाही."

मी खिडकीतून बघितलं. झाडाची गुलाबी फुलं डेनीसबाईच्या केसांवर पडली होती आणि ती झटकतही नव्हती.

इथपर्यंत मला निम्मंच कळलं होतं. उरलेलं निम्मं कळायला मला एक चूक करावी लागली.

आपल्यात कुणी आजारी पडलं की भेटायला जायची रीत आहे. चांगलीच आहे रीत. पण इथं माणसं तास-तास गाडी चालवून येतात, मग लगेच उठत नाहीत, आणि यजमानाला त्यांना तसंच पाठवणं जड जातं. जुलैच्या एका शुक्रवारी ओळखीतले वैद्यकाका आणि वैद्यकाकू ह्यूस्टनच्या पार दुसऱ्या टोकाहून आले. पिशवीत डबे. वेळ सव्वा वाजताची. वर्षा माडीवर मीटिंगमध्ये, डेनीसबाई झाडाखाली, इंदू झोपलेली. तोंड थोडं उघडं, एक हात उशाशी. काकू म्हणाल्या, "झोपल्यात का? असू दे, असू दे," आणि सोफ्यावर बसल्या.

त्या उठवा म्हणाल्या नव्हत्या. हे मला नीट लिहायचं आहे, दोष त्यांचा नाही. मी उठवली. माणसं एवढ्या लांबून आलीत आणि घरची बाई झोपलीय, हे मला बरं दिसेना. मी खांद्याला हात लावला. "अगं, वैद्य आलेत."

ती उठली. केस बांधले, टिकली लावली, पदर सारखा केला. बाहेर येऊन हसली. आणि बसायच्या आधीच म्हणाली, "चहा टाकते."

"अहो वहिनी, कशाला?" काकू म्हणाल्या.

"करते की मी."

मी सोफ्यावर बसून राहिलो. माझा चहाला जाणारा हात त्या चौथ्या दिवशी डेनीसबाईसाठी उठला होता, बायकोसाठी उठला नाही. आतून भांड्याचा आवाज येत होता. काकू कौतुकानं म्हणाल्या, "एवढ्या दुखण्यात! किती स्ट्राँग आहेत हो तुमच्या मिसेस." माझी छाती जरा फुगली. तेही लिहितो.

बरोबर दोनला डेनीसबाई आत आली. इंदू एका हातानं ओटा धरून उभी होती, दुसऱ्या हातात गाळणी. बाईनं गॅस बंद केला, गाळणी काढून घेतली, तिला कंबरेत धरून खोलीत नेली. दार लावलं. वैद्य मंडळी तेवढ्यात उठली, समजूतदार माणसं होती. पुढचे दोन दिवस इंदूनं मान वर केली नाही. दुखणं इतकं वर आलं की औषध वाढवावं लागलं. तिच्याकडं दिवस थोडे होते, त्यातले दोन मी चहात घातले.

सोमवारी डेनीसबाईनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. शाळेला सुट्टी होती, ईराला शेजारी घेतलं. मला वाटलं ओरडेल. ती हळूच बोलत होती.

"आबा, शी वॉन्ट्स टु नो, त्या दिवशी आजीला कुणी काय म्हटलं."

मी सांगितलं. स्ट्राँग म्हटलं.

डेनीसबाईनं मान हलवली, माहीतच होतं अशी. मग बोलत गेली, ईरा सांगत गेली, आणि थोडं मलाही कळत होतं, कारण बाई हातांनी पण बोलायची. तिची आई लोकांच्या घरी स्वयंपाक आणि इस्त्री करायची. आठवडाभर लोकांचं घर, रविवारी चर्चचं स्वयंपाकघर. आजी त्याच्या आधी तेच. आणि त्याच्या मागच्या इथल्याच उसात. ह्या गावाचं नाव साखरेचं उगाच नाही. पूर्वी इथं मैलोन्‌मैल ऊस होता आणि तो कापायला काळी माणसं जुंपलेली होती, आधी गुलाम म्हणून, नंतर कैदी म्हणून. "माझ्या आईला सगळे स्ट्राँग म्हणायचे," ती म्हणाली. "मेली तेव्हा चर्चमध्ये एकेकानं उठून तेच सांगितलं. मी मोजत बसले होते, ह्यातल्या कितीजणांनी तिला कधी बसायला सांगितलं? खुर्ची द्यायची नसली की स्ट्राँग म्हणतात."

ईरानं ते वाक्य दोनदा सांगितलं. एकदा मला, आणि एकदा नुसतंच, इंग्रजीत, स्वतःशी.

मग स्वतःचं सांगितलं. तीही दोन-दोन पाळ्या करायची. गोऱ्या बायका दमले म्हणाल्या की त्यांना घरी पाठवायचे, हिनं दमले म्हटलं की म्हणायचे, तू? तू तर खंबीर आहेस, काढशील एवढा आठवडा. कुणाला ती दमलेली दिसायचीच नाही. एक दिवस सिग्नलला गाडी थांबली आणि दिवा हिरवा झाला तरी हिचा पाय उचलेना. मागचे हॉर्न वाजवत होते. तिथं बसून तिनं ठरवलं. दिवसाचा एक तास आणि वर्षाचा एक आठवडा कुणाचा नाही. विचारायला आलेल्याला नाही म्हणायचं आणि कारण द्यायचं नाही. "कारण दिलं की लोक कारण दुरुस्त करतात," म्हणाली. "बरं नाही म्हटलं तर गोळी आणून देतात आणि म्हणतात, आता ये." हे ऐकून मला माझा आल्याचा चहा आठवला.

"लोक रागावले?" मी विचारलं.

"हो तर. बहीण रागावली, चर्च रागावलं. म्हणाले, डेनीस बदलली. मी म्हटलं, हो."

मग तिनं जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली आणि इंदूच्या दारासमोर नेऊन ठेवली, पाठ दाराला. माझ्याकडं बोट केलं. "यू. वन टू टू." ईरा म्हणाली, "आबा, धिस इज युवर जॉब नाऊ." मी म्हटलं, कळलं मला, मी फिटर होतो, वॉचमन नव्हतो. पण बसलो.

त्या खुर्चीवर बसून मला कारखान्याचा ऑफ सीझन आठवायचा. उसाचा हंगाम संपला की ऊस आत ओढणारी गव्हाण थांबते, बॉयलर विझतो, आणि सगळी मिल आम्ही उघडून टाकायचो. मी ऑइलमन म्हणून लागलो आणि फिटर म्हणून निवृत्त झालो, आयुष्यभर रोलरच्या सेवेत. ऊस पिळणारे ते मोठे दातेरी रोलर क्रेननं काढून लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवायचे. पुसायचे, ग्रीस लावायचं, वर गोणपाट. आमचे चीफ इंजिनीअर म्हणायचे, लोखंडालाही दम घेऊ द्यावा लागतो रे, नाहीतर पुढच्या हंगामात मधेच जीव देतं. आम्ही माना हलवायचो. लोखंडाला पावसाळाभर दम दिला मी, सालोसाल, न चुकता. आणि तिथनं सायकलवर घरी यायचो तर इंदू चुलीपुढं असायची. तिच्या हंगामाला तोंडही नव्हतं आणि शेवटही नव्हता. ती आडवी झालेली बरी नाही दिसली असती मला. हे मला शुगर लँडला येऊन, एका परक्या बाईनं खुर्चीवर बसवल्यावर कळावं?

मिल उघडी असायची तेव्हा त्या शेडमध्ये कबुतरं ऐकू यायची. ती हंगामातही असायचीच, पण रोलरच्या धडधडीत कोण ऐकतो. तसंच त्या दुपारी झालं. सगळं थांबलं की इंदूचं घोरणं ऐकू यायचं. बारीक, शिट्टीसारखं. एकावन्न वर्षं एका छपराखाली राहून मला माहीत नव्हतं की माझी बायको घोरते. ती माझ्यानंतर झोपायची आणि माझ्याआधी उठायची.

एकदा दोनला उठल्यावर ती म्हणाली, "एक सांगू? रागावू नका." मी म्हटलं, सांग. "तिकडं असताना कधीकधी मी मोरीत नळ सोडून नुसती बसायचे. तुम्हाला वाटायचं, कपडे धुतीय."

मी काय रागावणार. नळाचा तो आवाज मला आठवत होता. पाणी वाया घालवते म्हणून मी ओरडायचोही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डेनीसबाई तिच्या सुट्टीवर गेली. समुद्राकाठी बहिणीकडं, जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. इंदू तेव्हा फार खचली होती. मी हात जोडले. ईराला म्हटलं, सांग तिला, ह्या वर्षी नको जाऊ म्हणावं. डेनीसबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती म्हणाली, "नो, सर. आय विल सी यू मंडे." एजन्सीनं दुसरी मुलगी पाठवली, ती चांगली होती. मी आठवडाभर चरफडलो. इंदू म्हणाली, "जाऊ दे की. आली की ताजी येईल." आणि ती सोमवारी आली, नऊच्या ठोक्याला, चेहरा टवटवीत, इंदूसाठी एक शिंपला घेऊन. पुढचे नऊ दिवस तिनं इंदूला जसं सांभाळलं, तसं दमलेल्या माणसाच्यानं होत नाही. मी दमलेली माणसं आयुष्यभर बघितलीत. ती वाईट नसतात, पण त्यांचा हात जड पडतो.

दहाव्या दिवशी सकाळी इंदू गेली. शांत गेली. महेशनं आणि वर्षानं फोन वगैरे केले. डेनीसबाईनं तिचं अंग पुसलं, केस विंचरले, वर्षाला विचारून टिकली लावली. एक वाजता तिनं घड्याळ बघितलं आणि बाहेर गेली. त्या दिवशीसुद्धा. मी खिडकीशी आलो, आधी यायचो तसाच. ती डोळे मिटून बसली होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं, पुसत नव्हती. मी माझी दारासमोरची खुर्ची उचलली. आता तिथं राखायला काही नव्हतं. बाहेर नेली आणि तिच्या शेजारी, सावलीत ठेवून बसलो. दोन वाजले. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला, उठली, आणि जाताना तिची हिरवी खुर्ची तिथंच ठेवून गेली. विसरली नाही. ती विसरणारी बाई नव्हे.

आता पुढच्या आठवड्यात, तिथीनं, वर्षश्राद्ध. महेशनं साठ माणसांची यादी केली होती. इंदूनं सगळ्यांना खाऊ घातलं होतं, तेव्हा साठ कमीच, असं त्याचं म्हणणं. स्वयंपाक कोण करणार, मी विचारलं. वर्षा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "करेन ना मी, आबा."

मी चमचा खाली ठेवला. तोच सूर. पुण्याची पोर, इंजिनीअर झालेली, आणि सासूचे शब्द तिच्या तोंडात येऊन बसलेले. डोळ्यांखाली काळं. मी नीट बघितलंच नव्हतं, वर्षभर माझ्याच दुःखात होतो.

म्हटलं, "साठ नाहीत. गुरुजी आणि घरचे. डबे सांगा त्या डबेवाल्या ताईंना."

महेश म्हणाला, "अहो आबा, लोक काय म्हणतील?"

"आबा बदलले म्हणतील. हो म्हणायचं."

डेनीसबाईला मात्र बोलवावं म्हणून ईराकडून फोन लावला. तो आठवडा तिचा ठरलेला निघाला. "नो, सर," म्हणाली. पण फोन ठेवायच्या आधी म्हणाली की त्या दिवशी एक वाजता ती समुद्राकाठी इंदूसाठी झोपेल. मला ते गुरुजींच्या कुठल्याही मंत्राइतकं पटलं.

वर्षालाही रोज एक ते दोन पडायला सांगितलं, ती सुरुवातीला ऐकेना. आबा, मला दिवसा झोप येत नाही म्हणाली. मी म्हटलं, नको येऊ दे, पड नुसती. तुझा जेवणाचा एक तास आहे ना? तो मला दे. फोन माझ्याकडं दे. तिला तो इंदूचा पलंग दिला, खिडकीपाशी, आणि झाडाखालची खुर्ची दिसू दिली. आज पाचवा दिवस. मी दारासमोर बसलोय आणि हे लिहितोय.

मघाशी बेल वाजली. दुसऱ्यांदा वाजायच्या आत मी पोचलो. वैद्यकाकू. काका हार्डवेअरच्या दुकानात गेलेत, काकूंना इथं सोडून. हातात लाडवांचा डबा, श्राद्धाला काही मदत लागेल का विचारायला आलेल्या. मी ओठांवर बोट ठेवलं.

"सूनबाई कुठं आहे?"

"झोपलीय."

"अगंबाई, बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग?"

"मग झोपलीय. दोनला उठेल."

काकू दारातच उभ्या. सत्तर वर्षांची बाई, गुडघे धरून चालते, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पर्स. गेल्या वर्षीचं काही त्यांना आठवलं असेल का, माहीत नाही. मी म्हटलं, "बसायचं तर बाहेर झाडाखाली खुर्ची आहे. पंखा आणून देतो."

"नाही, मी आत काहीतरी भाजी चिरून..."

"नो," मी म्हटलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी कारण दिलं नाही.

आता खिडकीतून दिसतंय. काकू हिरव्या खुर्चीवर आहेत, ग्लासाच्या भोकात बर्फाचं पाणी, लाडवांचा डबा मांडीवर धरून अगदी ताठ बसल्या होत्या. हळूहळू मान कलली. डबा तेवढा घट्ट धरला होता. घसरला तर जागी होईल बाई, म्हणून मी आत्ताच जाऊन हलकेच काढून आणला. डोळे उघडले नाहीत त्यांनी. केसांवर दोन गुलाबी फुलं पडलीत.

वर्षाचा फोन माझ्या मांडीवर थरथरतोय. थरथरू दे. दाराच्या आत ती घोरतेय, आणि तिलाही ते माहीत नसेल. एक वाजून पस्तीस झालेत.